शाळकरी मुलांना कँटोनीज ऑपेरा शिकवताना: आधी शब्द, मग ताल, वेशभूषा सर्वांत शेवटी

हाँगकाँगच्या शालेय संगीत अभ्यासक्रमात कँटोनीज ऑपेराला, म्हणजे गाणे, संवाद आणि हालचाल यांतून रंगणाऱ्या तिथल्या पारंपरिक संगीतनाटकाला (कँटोनीज भाषेत युत-केक), जागा आहे आणि तिथे शिकणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांच्या वाट्यालाही तो वर्ग येऊ शकतो. अशा वर्गाची जबाबदारी अंगावर आलेल्या शिक्षकांसाठी आणि मदतीला उभ्या राहणाऱ्या पालकांसाठी हा लेख आहे. या वर्गांत पुन्हापुन्हा होणारी चूक क्रमाची असते. पहिल्याच दिवशी मुलांना भरजरी पोशाख दाखवले जातात, दुसऱ्या आठवड्यात एखाद्या प्रसिद्ध गाण्याचे ध्वनिमुद्रण लावून 'मागून म्हणा' असे सांगितले जाते आणि प्रयोगाला महिना उरला असताना लक्षात येते की मुलांना चाल येते, पण एकही ओळ ऐकणाऱ्याला कळेल अशी म्हणता येत नाही. तेव्हा दुरुस्ती जवळजवळ अशक्य असते, कारण या नाट्यप्रकारात चाल शब्दातून निघते.

पुढची आखणी ८ ते १२ वर्षांच्या सुमारे २० मुलांसाठी, आठवड्याला एक तास आणि एकूण २४ तास धरून केलेली आहे. तास कमी असतील तर संहिता लहान करावी. पायऱ्या गाळू नयेत.

पूर्वतयारी: पहिल्या तासाच्या महिनाभर आधी

सर्वांत आधी कामाची वाटणी ठरवावी. गाणे, हालचाल आणि वाद्यांचे इशारे सिफूंनी, म्हणजे प्रत्यक्ष रंगमंचावर काम केलेल्या कलावंत-गुरूंनी शिकवायचे; शाळेच्या शिक्षकांनी उच्चार, अर्थ, पाठांतर, हजेरी आणि मुलांचा धीर सांभाळायचा. सिफू बहुधा समोर करून दाखवून, तोंडी शिकवतात आणि शाळेला मात्र लेखी आराखडा हवा असतो. या दोन पद्धतींत ओढाताण होऊ नये म्हणून प्रत्येक तासानंतर शिक्षकांनी सिफूंना विचारून त्या दिवशी काय पक्के झाले ते एका वहीत लिहावे. ही वही पुढे फार उपयोगी पडते, कारण चार आठवड्यांपूर्वी हात कुठून उचलायचा ठरले होते याची आठवण प्रत्येक मुलाची वेगळी असते.

दुसरी गोष्ट संहितेची. पाच ते आठ मिनिटांचा असा प्रवेश निवडावा, ज्यात रंगमंचावर चालत येणे, थोडे लयबद्ध बोलणे, छोटे संवाद, गाण्याची एक-दोन कडवी आणि एक निर्गमन असेल. १९५७ साली रंगमंचावर आलेल्या, तोंग तिक-सांग यांच्या 'ताय-नोय-फा' या नाटकाचा शेवटचा प्रवेश सर्वांना तोंडपाठ असतो म्हणून मुलांना तोच द्यावा असा मोह हमखास होतो. त्यात राजकन्या आणि तिचा पती लग्नाच्या रात्री विष घेतात. आठ वर्षांच्या मुलाला त्या प्रसंगाचे वजन पेलत नाही आणि गाण्याची लांबीही पेलत नाही, म्हणून माझ्या मते तो प्रवेश माध्यमिक शाळेपर्यंत थांबवलेला बरा.

संहिता कापावी लागली तर जोडीनेच कापावी. पारंपरिक पद्य ओळींच्या जोड्यांत बांधलेले असते: वरच्या ओळीचा शेवट 'वाकड्या' सुरांतल्या शब्दाने होतो आणि खालच्या ओळीचा 'सपाट' सुरातल्या शब्दाने (पायरी १ मध्ये दिलेल्या सहा सुरांपैकी पहिला आणि चौथा सपाट, बाकीचे वाकडे). मधलीच एक ओळ काढली तर दोन वरच्या ओळी एकापाठोपाठ येतात, वाक्य हवेत लोंबकळते आणि वादकांनाही कुठे थांबावे ते कळत नाही.

तपासणी: कापलेली संहिता सिफूंनी मोठ्याने म्हणून पाहिली आहे का? केवळ डोळ्यांनी वाचून दिलेली मान्यता पुरेशी धरू नये.

पायरी १ (तास १ ते ३): कान तयार करणे

कँटोनीज भाषेत सहा सूर आहेत आणि सुराबरोबर अर्थ बदलतो. 'सी' हे एकच अक्षर घ्यावे. पहिल्या, उंच आणि स्थिर सुरात त्याचा अर्थ कविता होतो. दुसऱ्या, चढत्या सुरात इतिहास. तिसऱ्या, मधल्या स्थिर सुरात प्रयत्न करून पाहणे. चौथ्या, खाली उतरणाऱ्या सुरात वेळ. पाचव्या, खालून थोडा चढणाऱ्या सुरात बाजार. आणि सहाव्या, खालच्या स्थिर सुरात बाब किंवा काम. घरी कँटोनीज बोलणाऱ्या मुलांना हे उपजत येते, पण आपण सूर वापरतो आहोत याची जाणीव त्यांनाही नसते आणि गाताना ती जाणीव लागतेच. म्हणून पहिले तीन तास सगळ्यांसाठी सारखेच ठेवावेत.

हाताची उंची सुराला जोडावी: पहिल्यासाठी हात कपाळाशी, तिसऱ्यासाठी छातीशी, सहाव्यासाठी कमरेशी; दुसऱ्यासाठी आणि पाचव्यासाठी हात वर सरकवायचा, चौथ्यासाठी खाली. आधी शिक्षक म्हणतील आणि मुले केवळ हात दाखवतील. मुलांनी स्वतः म्हणणे दुसऱ्या तासापासून सुरू करावे. तिसरा आणि सहावा सूर, तसेच दुसरा आणि पाचवा सूर यांत गोंधळ होतो, तेव्हा जास्तीचा वेळ या दोन जोड्यांना द्यावा.

मराठी मुलांच्या बाबतीत एक सोय आणि दोन अडचणी आहेत. कँटोनीजमध्ये प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांच्यासारखा अल्पप्राण-महाप्राण भेद आहे, त्यामुळे देवनागरीत लिहिलेली ओळ रोमन लिपीपेक्षा पुष्कळ जवळचा उच्चार देते. (इथला 'फ' मात्र दोन ध्वनींसाठी वापरावा लागतो: ओठ मिटून सोडलेला, आणि दात ओठाला लावून केलेला. दुसऱ्याखाली रेघ मारून ठेवावी.) पहिली अडचण अशी की देवनागरीत सुराची खूण नाही, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर १ ते ६ हा आकडा लिहिलाच पाहिजे. दुसरी अडचण शब्दाच्या शेवटच्या प, त, क यांची. कँटोनीजमध्ये ते ओठ किंवा जीभ जागेवर नेऊन तिथेच अडवायचे असतात, सोडायचे नसतात. मराठी मूल 'पाक' म्हणताना शेवटचा क मोकळा सोडते आणि ओळीत एक जास्तीची मात्रा घुसते.

सावधान: या तीन तासांत ध्वनिमुद्रित गाणे लावू नये. एकदा चाल कानात बसली की मूल शब्दाचा सूर ऐकणे सोडून देते.

तपासणी: शिक्षकांनी पाठमोरे उभे राहून मुलाला आपल्या संहितेतली एक ओळ सावकाश म्हणायला सांगावी आणि ऐकून आकडे लिहावेत. आकडे जुळले की पुढे जावे.

पायरी २ (तास ४ ते ७): पाक-लाम, म्हणजे गाण्याआधीचे बोलणे

पाक-लाम हे यमक जुळवलेल्या ओळींचे लयबद्ध कथन आहे. त्याला स्वरांची चाल नसते, फक्त लाकडी ठोकळ्याचा ठोका असतो. नवशिक्या मुलांसाठी यापेक्षा चांगली सुरुवात मला माहीत नाही, कारण उच्चार, सूर, लय आणि श्वास ही चारही कामे त्यात होतात आणि बेसूर होण्याची धास्ती नसते.

क्रम असा ठेवावा. प्रथम अर्थ मुलांच्या घरच्या भाषेत सांगावा; मराठी मुलाला तो मराठीतून सांगायला काहीच हरकत नाही. मग ओळ बोलण्याच्या सहज वेगात म्हणावी. त्यानंतर ठोका द्यावा, पण सुरुवातीला तो शिक्षकांनीच द्यावा. मुले दोन गटांत बसवून एकाने वरची ओळ आणि दुसऱ्याने खालची म्हणावी. शेवटी ठोकळा एका मुलाच्या हाती द्यावा आणि दर तासाला मूल बदलावे.

इथे घाई फार होते. मुलांना पाक-लाम आवडते, ती वेग वाढवत नेतात आणि पालकांनाही ते ऐकायला गंमत वाटते, परंतु वेग वाढला की चौथा आणि सहावा सूर एकसारखा होतो, शेवटची अडवलेली व्यंजने गळतात आणि ओळीच्या टोकाला श्वास उरत नाही. ठोक्याचा वेग सातव्या तासापर्यंत एकच ठेवावा. कंटाळा येऊ लागला तर वेग न वाढवता पात्र बदलून म्हणायला लावावे: म्हातारा सरदार, घाबरलेला नोकर, रागावलेली राजकन्या. भूमिकांची वाटणी अजून झालेली नसल्यामुळे या खेळात कोणाला काय शोभते तेही दिसते.

पायरी ३ (तास ८ ते १०): पान, तिंग आणि छा-तुक-छांग

तालातल्या जोरकस मात्रेला पान म्हणतात आणि बाकीच्या हलक्या मात्रांना तिंग. 'एक पान, तीन तिंग' म्हणजे चार मात्रांचे आवर्तन. 'एक पान, एक तिंग' म्हणजे दोन मात्रांचे. आणि केवळ पान असलेली, वाहत्या पाण्यासारखी जलद लयही असते. पानला मांडीवर पूर्ण हात, तिंगला बोटांची टोके, अशी सवय लावावी. हार्मोनियम-तबल्याच्या शिकवणीला गेलेल्या मुलाला पान सम वाटेल आणि एवढी समजूत सुरुवातीला चालेल. फक्त प्रत्येक ओळ पानवरच सुरू होते असे त्याला वाटू देऊ नये. अनेक ओळी तिंगवर उचलतात.

वाद्यवृंदातल्या घणघणत्या भागाला लो-कू म्हणतात आणि त्याचे बोल तोंडाने म्हणता येतात. छांग म्हणजे मोठा पितळी थाळ, छा म्हणजे झांज, तुक म्हणजे काठीचा लहान ठोका. 'छा-तुक-छांग' हे बोल हाँगकाँगमध्ये इतके रूढ आहेत की लोक ऑपेरालाच त्या नावाने ओळखतात. वाद्ये आणण्यापूर्वी पूर्ण तासभर हे बोल तोंडाने म्हणवून घ्यावेत, कारण पुढे पात्राने कधी थांबायचे, कधी वळायचे आणि कधी पुतळ्यासारखे स्थिर व्हायचे ते याच बोलांवर ठरते.

सावधान: पितळी थाळ बंद खोलीत फार मोठा वाजतो. खऱ्या वाद्यांचा तास सभागृहात घ्यावा आणि लहान मुलांना थाळापासून दूर बसवावे.

दहाव्या तासानंतर मुलांना एक प्रयोग दाखवायला न्यावे. पहिल्या आठवड्यात नेऊ नये, कारण तेव्हा ती केवळ पोशाख पाहून येतात. पश्चिम काउलूनमधल्या, २०१९ साली उघडलेल्या शीचू सेंटरमध्ये मोठ्या नाट्यगृहाबरोबर एक लहान चहागृह-रंगमंचही आहे आणि मुलांना जवळून वादक दिसतील अशी जागा मोठ्या सभागृहापेक्षा बरी. मुलांना एकच काम द्यावे: छांग वाजला त्या क्षणी नट काय करत होता ते तीनदा टिपायचे.

पायरी ४ (तास ११ ते १५): पाय, हात, डोळे

हाच क्रम ठेवावा. युन-थोय ही रंगमंचावर वर्तुळात चालण्याची पद्धत आहे. पावले लहान आणि जलद, टाच आणि बोटे सलग टेकत जाणारी, गुडघे किंचित सैल आणि कमरेच्या वरचे शरीर निश्चल. दोन गुडघ्यांत कागद धरून चालायला लावले तर स्त्री पात्रांची चाल लवकर बसते. पुरुष पात्रांची पावले अधिक रुंद आणि पाय उचलून टाकलेली असतात. दर तासाला दहा मिनिटे एवढाच सराव पुरे. सलग अर्धा तास चालवले तर पोटऱ्या दुखतात आणि पुढच्या आठवड्यात मुले टाळाटाळ करतात.

हातांच्या हालचालींतली पायाभूत आकृती म्हणजे लाय-सान: दोन्ही हात छातीसमोरून वर्तुळात फिरवत एक डोक्याच्या बाजूला आणि दुसरा अंगाच्या बाजूला उघडायचा, जणू दोन डोंगर बाजूला सारले. नेमकी उंची पात्राप्रमाणे बदलते. ती सिफूंकडूनच घ्यावी. शिक्षकांनी तपासण्यासारखी गोष्ट वेगळी आहे: हालचाल ज्या बाजूला जायची आहे तिच्या उलट दिशेने ती सुरू झाली पाहिजे. उजवीकडे बोट दाखवायचे तर हात आधी डावीकडून निघतो. मुले हा उलट आरंभ गाळतात आणि मग हालचाल कवायतीसारखी दिसते.

डोळ्यांच्या कामाला क्वान-मुक म्हणतात. हात जिथे जातो तिथे नजर जाते आणि हालचाल थांबली की नजर त्याच क्षणी स्थिर होते. आरशासमोर सराव करताना मुले हाताऐवजी स्वतःच्या चेहऱ्याकडे बघतात, म्हणून या भागासाठी आरसा झाकून ठेवावा आणि मुलांना जोडीने समोरासमोर उभे करावे.

कोलांट्या, उड्या आणि शस्त्रांची लढाई शाळेच्या वर्गात घेऊ नये. लढाईचा भाग हवाच असेल तर हलक्या वेताच्या काठ्यांनी, ठरलेल्या चार हालचालींत आणि सिफू समोर असतानाच घ्यावा.

तपासणी: तोंडी 'छा-तुक-छांग' म्हणत मूल वर्तुळ पूर्ण करून छांगवर हात, पाय आणि नजर एकदम थांबवते का?

पायरी ५ (तास १६ ते १९): आता गाणे

आता जवळ पाठ झालेली, सुरांचे आकडे लिहिलेली आणि ताल धरलेली संहिता आहे. इथे जुन्या मंडळींचे एक सूत्र लागू होते, 'मान-ची-लो-होंग', म्हणजे शब्दाला विचारून चाल घ्यायची. उंच सुराचा शब्द वर जातो, खालच्या सुराचा खाली येतो आणि अनुभवी गायक केवळ शब्द पाहून चाल बांधू शकतो. मुलांकडून ती अपेक्षा नसते, पण चाल विसरल्यावर ओळ नुसती स्पष्ट बोलून पाहण्याची सवय लावावी. बहुतेक वेळा चाल त्यातूनच परत सापडते.

सुरुवात स्यू-खुक या ठरलेल्या चालीच्या छोट्या गीतांनी करावी आणि शब्दानुसार चाल बदलणारे प्रकार नंतर घ्यावेत. मुक्त लयीतले क्वान-फा ऐकायला सोपे वाटते, परंतु त्यात ठोक्याचा आधार नसल्यामुळे नवशिक्यांना तेच सर्वांत कठीण जाते. त्याच्या दोन ओळींपेक्षा जास्त देऊ नयेत.

स्वरलेखनाची स्थानिक पद्धत मराठी मुलांना सरगमशी जोडून शिकवता येते. सांग म्हणजे सा, छे म्हणजे रे, कुंग म्हणजे ग, फान म्हणजे म, लिउ म्हणजे प आणि वू म्हणजे ध. खालच्या बाजूला हो म्हणजे मंद्र प, सी म्हणजे मंद्र ध आणि यी म्हणजे मंद्र नी. यांतले यी आणि फान हे दोन स्वर मात्र हार्मोनियमच्या पट्टीवर नेमके सापडत नाहीत: पारंपरिक गायकीत यी थोडा उतरता आणि फान थोडा चढता लागतो, विशेषतः शोकाच्या चालींत. म्हणून सरावाला कीबोर्ड नको, कोउ-वू हे दोन तारांचे वाद्य किंवा सिफूंचा आवाजच हवा.

आवाजाबद्दल विशेष काळजी घ्यावी. पुरुष पात्रे सहसा फिंग-हाउ या नैसर्गिक आवाजात आणि स्त्री पात्रे ची-हाउ या उंच, बारीक केलेल्या आवाजात गातात. दहा वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला ची-हाउ ताणून काढायला लावले तर घसा आवळतो. आवाज सहज वर जात असेल तेवढाच वापरावा, नाहीतर पट्टी खाली घ्यावी. आवाज फुटू लागलेल्या मुलाला गाण्याऐवजी संवाद आणि पाक-लाम द्यावे. स्त्री-पुरुष भूमिका मुलगा-मुलगी पाहून वाटण्याची गरज नाही. याम किम-फाय या अभिनेत्री पुरुष भूमिकांसाठीच विख्यात होत्या.

तपासणी: गाणे ध्वनिमुद्रित करून, संहिता न पाहिलेल्या कँटोनीजभाषक माणसाला ऐकवावे. त्याला निम्म्याहून कमी शब्द कळले तर दुसऱ्या पायरीकडे परतावे. तो आठवडा वाया गेला असे समजू नये.

पायरी ६ (तास २० ते २२): जोडणी आणि इशारे

ध्वनिमुद्रित संगीतावर तालमी केलेली मुले इथे अडकतात, कारण त्यांनी संगीतामागून चालण्याची सवय केलेली असते. या रंगभूमीवर पुष्कळदा वादक नटामागून चालतात. नट हाताच्या, बाहीच्या किंवा पावलाच्या ठरलेल्या इशाऱ्याने, म्हणजे यिंग-थाउने, पुढे काय हवे ते सांगतो आणि ताल सांभाळणारा चोंग-पान ते पाहून सगळ्या वाद्यांना घेऊन येतो. मुलांना प्रवेशासाठी तीनच इशारे पक्के शिकवावेत: सुरू करा, गाणे येते आहे, संपले. इशारा ठळक द्यावा आणि मग वाट पाहावी. ही वाट पाहणे शिकवण्यात माझ्या मते एक पूर्ण तास गेला तरी चालेल.

थेट वादक परवडत नसतील तर किमान लाकडी ठोकळा आणि एक थाळ तरी माणसाच्या हाती असावा. चालीचा भाग ध्वनिमुद्रित चालेल, इशाऱ्याचा भाग चालणार नाही.

पायरी ७ (तास २३ आणि २४): बाह्या, पोशाख, रंग

सोय-चाउ, म्हणजे लांब पांढऱ्या जलबाह्या, यांचा सराव खरा पोशाख येण्याआधी व्हावा. जुन्या सदऱ्याच्या बाहीला सुमारे ५० सेंटिमीटर सुती कापड शिवले की काम भागते. ते सोळाव्या तासापासूनच घरी सरावाला द्यावे. बाही झटकून गोळा करताना मनगट वापरायचे, खांदा नाही.

डोके बांधण्याची पट्टी भुवया वर ओढण्यासाठी घट्ट आवळतात आणि त्याने मोठ्यांनाही मळमळते. मुलांना ती सैल बांधावी, अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नये आणि डोके दुखते म्हटल्यावर लगेच सोडावी. रंग दोन दिवस आधी कानामागे थोडा लावून पाहावा. जाड तळव्याचे बूट नसले तरी चालतात. वापरायचे असतील तर त्यात निदान दोन तालमी झाल्या पाहिजेत.

व्यावसायिक नाट्यगृहात प्रयोग असेल तर पडद्यामागे वा-क्वोंग या नाट्यदेवतेचे लहान देवघर असू शकते आणि कलावंत तिथे उदबत्ती लावतात. हे मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना आधी सांगावे. मुलाने शांत उभे राहणे पुरे असते, नमस्कार ऐच्छिक ठेवावा.

प्रयोगाच्या दिवशी

रंग आणि पोशाख घालण्यापूर्वी संपूर्ण प्रवेश एकदा साध्या कपड्यांत, बोलण्याच्या आवाजात, उभ्या जागी म्हणून घ्यावा. गाऊ नये, आवाज राखायचा आहे. खाणे आणि स्वच्छतागृह पोशाखाआधी. पडद्याआड एक प्रौढ व्यक्ती संहिता घेऊन उभी असावी आणि तिने ओळ विसरलेल्या मुलाला पूर्ण ओळ न देता पहिला शब्द त्याच्या योग्य सुरात द्यावा. सूर चुकीचा दिला तर मूल चुकीच्या चालीवर जाते.

पुढच्या आठवड्यात आणखी एक तास ठेवावा. त्यात ध्वनिमुद्रण न दाखवता मुलांना तोच प्रवेश रंग, पोशाख आणि वाद्ये यांवाचून, फक्त मांडीवर पान-तिंग धरून म्हणायला सांगावे आणि कोणाच्या कोणत्या शब्दाचा सूर सरकला आहे ते वहीत लिहून ठेवावे. पुढच्या वर्षाचा पहिला तास त्या शब्दांपासून घ्यावा.